प्रकल्प नोंदी: संदर्भ साच्यातल्या लाल तारखा

काम असं: मराठी ज्ञानकोशाच्या विकीवर संदर्भ छापणारं मॉड्यूल (संदर्भाच्या साच्यामागचा कोड) नव्या आवृत्तीवर नेलं आणि त्यानंतर पानोपानी तळटिपांमध्ये "तारीख तपासा" अशा लाल ओळी उगवल्या. त्या का आल्या ते शोधायचं आणि बंद करायच्या. मॉड्यूल म्हणजे इंग्रजी विकिपीडियावरून आयात केलेलं सायटेशन सीएस-वन, ल्युआ या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं, मीडियाविकी या विकीच्या सॉफ्टवेअरला जोडलेल्या स्क्रिबंटोवर चालतं. त्याची माहिती इथे देत बसत नाही, ज्यांना हेच आपल्या विकीवर बसवायचंय त्यांच्यासाठी या नोंदी आहेत. फंक्शनांची आणि पॅरामीटरांची (साच्यात भरायच्या रकान्यांची) नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीत, कोड उघडून बसलात की ओळखू येतील.

४ जून

आधी नुसतं बघितलं. लाल ओळ सगळ्या संदर्भांना नाहीये. एकाच पानावर वरचा संदर्भ ठीक, खालचा लाल, आणि दोन्हीत तारीख डोळ्यांना सारखीच व्यवस्थित. काही ठिकाणी तर तारखेची तक्रारच नाही, सरळ ल्युआ एरर येतोय, निलची, म्हणजे रिकाम्या मूल्याची, नंबरशी तुलना करता येत नाही म्हणून. दोन वेगळ्या तक्रारी म्हणजे दोन वेगळे दोष असं धरून चाललो.

कॉन्फिगरेशनच्या, म्हणजे मॉड्यूलच्या सेटिंगच्या, पानावर महिन्यांची यादी बघितली तर तिथे जनवरी, फरवरी बसलेत. कुणीतरी हिंदीवाली यादी उचलून आणली होती, अर्धी मराठी केली आणि अर्धी राहिली. जानेवारी ते डिसेंबर नीट भरले. झलक बघितली, बरेच संदर्भ साफ झाले. हे सोपं निघालं म्हणून बरं वाटलं पण ते तेवढ्यापुरतंच.

५ जून

त्रुटीवाल्या वर्गातली (चूक असलेली पानं आपोआप जमतात ती यादी) पानांची संख्या हललीच नाही. उपाय लागू पडला नाही असं वाटून मी परत कॉन्फिगरेशन उकरायला घेतलं, संध्याकाळ त्यात गेली, आणि कारण भलतंच होतं. मॉड्यूल बदललं की ते वापरणारी सगळी पानं लगेच नव्याने बनत नाहीत, ती कामाच्या रांगेत लागतात, आणि रांग आपल्या चालीने सरकते. वर्ग म्हणजे जुन्या हिशोबाची वही.

लगेच खात्री करायची असेल तर पान उघडून काही न बदलता जतन करायचं. नुसतं पर्ज केलं, म्हणजे पानाची साठवलेली प्रत पुसली, तर पान नवं दिसतं पण वर्गाची नोंद जुनीच राहते. एपीआयने, म्हणजे प्रोग्रॅममधून, पर्ज करत असाल तर त्यात फोर्स-लिंक-अपडेट द्यावं लागतं. हे आधी करा, मग वर्गाचा आकडा बघा, नाहीतर बरोबर केलेलं काम चुकीचं समजून उलटवाल.

७ जून

आता उपविभागांमध्ये (मुख्य मॉड्यूल ज्यांची मदत घेतं त्या मॉड्यूलांमध्ये) बदल करायचे होते, म्हणून सगळ्या मॉड्यूलांच्या चाचणी प्रती काढल्या. नाव मराठीत ठेवलं, प्रत्येकाच्या शेवटी तिरकी रेघ आणि धूळपाटी. तारीख तपासणीच्या धूळपाटीत बदल केला, चाचणी पानावर काहीच फरक नाही. मुद्दाम कोडात कचरा टाकला, तरी फरक नाही. कचरा टाकूनही चालतंय म्हणजे ते पान वाचलंच जात नाहीये.

मुख्य मॉड्यूल सुरू होतानाच स्वतःच्या नावात सँडबॉक्स हा इंग्रजी शब्द आहे का ते बघतं. असेल तर बाकीचे उपविभागही सँडबॉक्सवाले उचलतं, नसेल तर चालू आवृत्तीतले. आमच्या नावात धूळपाटी, त्यामुळे मुख्य कोड चाचणीचा आणि बाकी सगळं चालू आवृत्तीतलं अशी खिचडी. दोन रस्ते आहेत, एक तर त्या ओळीत धूळपाटी हा शब्द घालायचा, नाहीतर चाचणी प्रतींची नावं इंग्रजीच ठेवायची. मी दुसरा घेतला, कारण पुढची आवृत्ती आयात करताना ती एक ओळ बदलायची आठवण कुणाला राहणार नाही.

९ जून

ल्युआ एररचं मूळ सापडलं. आकडे.

स्क्रिबंटोत पॅटर्न जुळवायला दोन संच आहेत, साधा स्ट्रिंग आणि एमडब्ल्यू-यूस्ट्रिंग. साध्या स्ट्रिंगमध्ये टक्का-डी म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. यूस्ट्रिंगमध्ये टक्का-डी म्हणजे युनिकोडमधला कुठलाही दशमान आकडा, त्यात देवनागरीही आली. तर तारीख तपासणारा कोड यूस्ट्रिंगने बघतो, "२०१९-०८-०५" हे चार-दोन-दोनच्या साच्यात बसतं, तो म्हणतो ठीक आहे, आणि मग तेच २०१९ टू-नंबरकडे, म्हणजे अक्षरांची संख्या करणाऱ्या फंक्शनकडे, देतो. टू-नंबरला देवनागरी आकडा कळत नाही, तो निल परत करतो, पुढच्या ओळीत निलची वर्षाच्या मर्यादेशी तुलना आणि धडाम. म्हणजे दारावरचा माणूस आत सोडतो आणि आतला ओळख दाखवत नाही.

इंग्रजी आकड्यांच्या तारखा कधीच मोडल्या नाहीत, ते याचमुळे. एकाच पानावर वरचा ठीक खालचा लाल, हे कोडं इथे सुटलं.

१० जून

पहिला उपाय: टू-नंबरच्या जागी लँग-पार्स-फॉरमॅटेड-नंबर. हे मीडियाविकीचं स्वतःचं फंक्शन, विकीच्या भाषेतला आकडा ओळखून खरी संख्या देतं. वर्षांवर मस्त चाललं. मग मला वाटलं तारखेचे तिन्ही तुकडे यातून काढून परत जोडू, तर "०८" चं ८ झालं, "०५" चं ५ झालं, पुढचं शून्य गळालं आणि वर्ष-महिना-दिवस या रूपात महिना एकआकडी चालत नाही. परत लाल. संख्या करून परत अक्षरं करणं हा रस्ताच इथे चुकीचा आहे, आकड्याच्या जागी आकडाच गेला पाहिजे.

११ जून

दुसरा उपाय माझ्या आधी कुणीतरी करून ठेवलेला सापडला, साच्यात येणाऱ्या सगळ्या पॅरामीटरांचे आकडे सुरुवातीलाच इंग्रजी करायचे. एरर गेले खरे. पण सगळ्या म्हणजे शीर्षकसुद्धा, आणि ज्या लेखांच्या मथळ्यात देवनागरी आकडे होते ते मथळे तळटिपेत इंग्रजी आकड्यांनी छापले गेले. शीर्षक जसं छापलंय तसंच द्यायचं असतं, त्यात हात घालायचा नाही, त्यामुळे हा प्रकार त्याच दिवशी काढून टाकला.

वर आणखी एक, भरपूर संदर्भ असलेल्या मोठ्या पानांवर वेळ संपल्याचा एरर यायला लागला होता. स्क्रिबंटोची डीफॉल्ट मर्यादा पानामागे ७ सेकंद आहे आणि यूस्ट्रिंगची फंक्शनं साध्या स्ट्रिंगपेक्षा मंद आहेत, प्रत्येक संदर्भाच्या प्रत्येक पॅरामीटरवर ती चालवली की सेकंद संपतातच. झलक बघताना खाली पार्सरची माहिती येते, त्यात ल्युआने किती वेळ खाल्ला ते लिहिलेलं असतं. तिकडे नजर टाकायची सवय लावा.

१२ जून

आणि हे सगळं झाल्यावर कॉन्फिगरेशन सावकाश वरपासून वाचलं तर खरा उपाय तिथेच बसलेला. तारखांच्या तक्त्यात लोकल-डिजिट्स नावाचा भाग आहे, डावीकडे विकीचा आकडा आणि उजवीकडे इंग्रजी आकडा. आयातीत तिथे दोन्हीकडे इंग्रजीच राहिले होते. डावीकडे ० ते ९ देवनागरीत भरले, त्यावरून उलटा तक्ता आपोआप बनतो, आणि तारखेच्या पॅरामीटरांपुरतंच भाषांतर होतं, शीर्षकाला धक्का नाही. दहा अक्षरं बदलली आणि ल्युआ एरर गेले.

कुणी हे पान वाचून सुरुवात करत असेल तर सरळ इथून करा. महिन्यांची यादी, लोकल-डिजिट्स, आणि त्याच पानावरचे दोन स्विच, एक महिन्यांची नावं आपोआप बदलण्याचा आणि एक आकडे बदलण्याचा. पहिला चालू केला की इंग्रजी महिना मराठीत छापतो, दुसरा चालू केला की आकडे देवनागरीत छापतो. आत सगळा हिशोब इंग्रजी आकड्यांवरच होतो आणि तसाच होऊ द्यायचा, देवनागरी फक्त येताना आणि छापताना.

१४ जून

पाहिल्याची तारीख, म्हणजे ॲक्सेस-डेट, अजून काही ठिकाणी लाल. यावर मॉड्यूलची जास्तीची अट आहे, ती १५ जानेवारी २००१ च्या आधीची चालत नाही, कारण त्या दिवशी विकिपीडिया सुरू झाला, आणि भविष्यातलीही चालत नाही. ही तुलना करायला तो तारखेचे सेकंद करून घेतो आणि गंमत म्हणजे मराठी विकीवर फॉरमॅट-डेटला सेकंद मागितले तर तेही देवनागरी आकड्यांत मिळतात. इथे मात्र पार्स-फॉरमॅटेड-नंबर बरोबर बसतं, कारण इथे खरोखर संख्याच हवी आहे. इंग्रजी विकिपीडियावरच्या मूळ कोडात ती सोय होती, आमच्याकडे कुणीतरी ओळ "साफ" केली होती. परत घातली.

याच्या जोडीला, आजची तारीख आपोआप भरणारा एक छोटा साचा आहे, तो टाइम पार्सर फंक्शन वापरतो, आणि मराठी विकीवर ते देवनागरी आकडे देतं. आकड्यांच्या संकेताआधी एक्सएन लावलं की साधे इंग्रजी आकडे मिळतात. वर्ष, महिना, दिवस तिन्हींच्या आधी वेगवेगळं लावावं लागतं, एकदा लावून पुढच्यांना लागू होत नाही.

१८ जून

फक्त ऑगस्ट लाल आहे. बाकी अकरा महिने ठीक. यादीतला शब्द आणि पानावरचा शब्द शेजारी शेजारी ठेवले, काडीचा फरक नाही.

अक्षरांचे कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधले क्रमांक, काढून बघितले तेव्हा कळलं. यादीत ऑ हे एकच अक्षर आहे, यू ०९११. पानावर आ आणि त्यावर वेगळा चंद्र, म्हणजे यू ०९०६ आणि यू ०९४५. दिसायला एक, आत दोन. जतन करताना मीडियाविकी मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एका ठरावीक रूपात आणतो पण ही जोडी युनिकोडच्या हिशोबात समान नाही, म्हणून ती तशीच राहते. काही कीबोर्ड असंच टाइप करतात, टाइप करणाऱ्याचा त्यात दोष नाही. ॲ चंही तसंच, जुन्या मजकुरात अ, मध्ये न दिसणारा जोडक आणि वर चंद्र असा सापडतो, पण महिन्यांत ते येत नाही म्हणून सोडून दिलं.

न दिसणाऱ्या जोडकाचा विषय निघालाच आहे तर, दुसऱ्या, वाऱ्या अशा शब्दांतला अर्धा र काही जण र, हलन्त आणि जोडक असा लिहितात. मॉड्यूल अदृश्य अक्षरांवर तक्रार करतं, पण भारतीय लिपी असेल तर या जोडकाला सूट आहे, त्यासाठी कॉन्फिगरेशनमध्ये लिप्यांची यादी आहे. ती यादी "आपल्याला नको" म्हणून उडवू नका.

१९ जून

ऑगस्टचं दुसरं रूप यादीत घातलं, सोबत ऑगष्ट, सप्टेम्बर, नोव्हेम्बर हीही घातली, कारण जुन्या पानांत आहेत. लाल गेलं. पण आता इंग्रजी तारखेचं मराठी होताना कधी ऑगस्ट छापतंय कधी ऑगष्ट.

कारण उलटा तक्ता. नावावरून क्रमांक हा तक्ता उलटून क्रमांकावरून नाव असा तक्ता बनतो, आणि उलटताना पेअर्स (तक्त्यातल्या जोड्या एकेक करून देणारं फंक्शन) वापरलंय. ल्युआत पेअर्स कुठल्या क्रमाने फिरेल याची हमी नाही. आठव्या क्रमांकावर तीन नावं असतील तर शेवटी जे येईल ते टिकतं. म्हणून यादीत महिन्यामागे एकच नाव ठेवलं आणि वेगळी रूपं वेगळ्या तक्त्यात टाकली, तारीख तपासणीच्या आधी तो तक्ता ती एका रूपात आणतो.

तो तक्ता मी आधी चालत्या कोडात कॉन्फिगरेशनमध्येच भरायला गेलो होतो, तर तक्ता फक्त वाचण्यापुरता आहे असा एरर आला. कॉन्फिगरेशन लोड-डेटाने येतं, पानामागे एकदाच वाचलं जातं, नंतर त्यात लिहिता येत नाही आणि त्यात फंक्शनही ठेवता येत नाही. जे भरायचं ते त्या पानावरच भरा.

२३ जून

संग्रहित दुवे मोडलेत अशी तक्रार आली. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहाच्या पत्त्यात मूळ पत्त्याआधी चौदा आकडी वेळ असते, वर्षापासून सेकंदापर्यंत. आमच्या जुन्या साच्याच्या सगळ्यात बाहेरच्या थरात पूर्ण तळटिपेचे आकडे देवनागरी करणारा कोड होता, नवीन मॉड्यूल आलं तरी तो थर तसाच राहिलेला. त्याने पत्त्यातलेही आकडे बदलले. पानावर दिसायला सगळं छान, दुवा दाबला की काही नाही. आणि लाल ओळही नाही, कारण मॉड्यूलचं काम तोवर संपलेलं असतं. पूर्ण प्रकरणात सगळ्यात वाईट दोष हा होता असं माझं मत, लाल ओळ निदान दिसते तरी.

तो थर काढला. आकडे बदलायचं काम आता मॉड्यूलच करतं, तेही तारखेपुरतं. याचा आणखी एक फायदा, तळटिपेत लपलेली कॉइन्स माहिती असते जी झोटेरोसारखी साधनं वाचतात, तिच्यात तारीख इंग्रजी आकड्यांतच जायला हवी, ती आता तशी जाते.

२७ जून

आयएसबीएन. देवनागरी आकड्यांत लिहिलेला आयएसबीएन अवैध म्हणून लाल येतो, कारण शेवटचा तपासणी आकडा काढायला गुणाकार करावे लागतात. हे तारखांच्या तक्त्यातून जात नाही, वेगळं करावं लागलं. यूस्ट्रिंग न वापरता बाइटवर केलं, देवनागरी आकडा यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा असतो, पहिले दोन कायम २२४ आणि १६५, तिसरा १६६ ते १७५. तिसऱ्यातून १६६ वजा केले की आकडा. साध्या जी-सबने (शोधून बदलणाऱ्या फंक्शनने) होतं आणि वेळ जवळपास लागत नाही.

तसंच "आडनाव२" असं लिहिलेलं पॅरामीटर अनोळखी म्हणून टाकून दिलं जात होतं, मॉड्यूल क्रमांक इंग्रजीच जोडून शोधतं. नावातला आकडाही याच छोट्या फंक्शनमधून काढला.

१ जुलै

शके.

हे लाल नव्हतं म्हणूनच सापडायला वेळ लागला. जुन्या पुस्तकांवर प्रकाशनाचं वर्ष शके असतं, लोकांनी ते तारखेत नुसतं "१८१२" असं भरलंय. मॉड्यूलच्या दृष्टीने १८१२ हे एकदम चांगलं वर्ष, त्याला काय कळणार. प्रत्यक्षात शके १८१२ म्हणजे १८९० किंवा १८९१, कारण शक वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासूनचा भाग असेल तर ७९. तब्बल ७८ वर्षांनी पुस्तक जुनं झालं आणि कुठेही तक्रार नाही.

जिथे "शके" हा शब्द तारखेत लिहिलेला होता तिथे लाल येतं, ते शोधणं सोपं. ते दुरुस्त करताना तारखेत इसवी सन आणि ओरिग-डेट मध्ये "शके १८१२" असं ठेवलं, त्या पॅरामीटरवर तपासणी नाही, मजकूर जसाच्या तसा छापतो. नुसता आकडा लिहिलेल्यांसाठी सांगकाम्या (आपोआप संपादनं करणारा प्रोग्रॅम) लावायचा मोह झाला पण नको, १८१२ खरंच इसवी सन असलेली पुस्तकंही असू शकतात. मुखपृष्ठाचं स्कॅन बघून माणसानेच करायचं.

५ जुलै

राहिलेल्यात मोठा गठ्ठा "०५-०८-२०१९" या प्रकारचा. दिवस आधी की महिना आधी, मॉड्यूल ठरवत नाही आणि ठरवू नयेच. एक आकडा बाराच्या वर असेल तर प्रश्न नाही, सांगकाम्याने ते बदलले. दोन्ही बाराच्या आत असतील तर ॲक्सेस-डेटसाठी एक युक्ती चालली: पानाच्या इतिहासात तो संदर्भ कुठल्या आवृत्तीत आला ते शोधायचं, पाहिल्याची तारीख बहुतेक त्याच दिवसाची असते, दोनपैकी जी जुळेल ती घ्यायची. एकही जुळली नाही तर हात लावायचा नाही. प्रकाशनाच्या तारखेला ही युक्ती लागू नाही, तिथे मूळ पान उघडूनच बघावं लागतं.

डेड-यूआरएल हे (मूळ दुवा बंद पडलाय का ते सांगणारं) जुनं पॅरामीटरही याच फेरीत यूआरएल-स्टेटस केलं. नुसतं नाव बदलून चालत नाही, "यस" च्या जागी "डेड" आणि "नो" च्या जागी "लाइव्ह" असं मूल्यही बदलावं लागतं.

९ जुलै

धूळपाटीतलं सगळं चालू आवृत्तीत नेलं. उपविभाग आधी, मुख्य मॉड्यूल शेवटी, नाहीतर मधल्या काही मिनिटांत नवा मुख्य कोड जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये नसलेल्या गोष्टी मागतो आणि तेवढ्यात जी पानं बनतील ती सगळी लाल.

बाकी आहे ते असं. शकेची पानं, हळूहळू. दोन्ही आकडे बाराच्या आत असलेल्या प्रकाशनाच्या तारखा, त्यांची यादी चावडीवर (विकीच्या चर्चापानावर) लावली आहे, ज्याला जे पुस्तक किंवा बातमी हाताशी असेल त्याने ते घ्यावं. आणि दुवा टाकून संदर्भ आपोआप भरणारं साधन लेखकाच्या आडनावात "डेस्क" आणि नावात "वेब" भरतंय, ते मॉड्यूलचं काम नाही, पण लोक ते मॉड्यूलच्या माथी मारणार म्हणून इथे लिहून ठेवतोय.